फाटकापासून झाडापर्यंत : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

आजपासून काम सुरू. तीन शाळा आणि चार गट : ज्येष्ठांचा एक, घरकाम करणाऱ्या बायकांचा एक, दिव्यांग मुलांच्या पालकांचा एक, आणि अंध मुलींचं वसतिगृह. मुदत दहा महिने. अर्जात उद्देश असा लिहिलाय : ‘निसर्गापासून दुरावलेल्या गटांना निसर्गाचा आनंद घेता यावा.’ मीच लिहिलंय, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार. पण ‘दुरावलेल्या’ हा शब्द आज टोचला. दुरावायला आधी जवळ असावं लागतं.

आमचा अंदाज असा की खरी अडचण वाहनाची. वनोद्यान चार किलोमीटरवर, माणसं इकडे. बस दिली की निम्मं काम झालं. म्हणून निधीतला निम्म्याहून जास्त वाटा बसभाड्याला टाकलाय.

(मार्चमधली भर : वरची ओळ खोडायची नाही. असू दे तशीच.)

१९ जानेवारी

बायकांच्या गटाची बैठक. मी विचारलं, “बाहेर निसर्गात जायला तुम्हाला काय अडचण येते?” सगळ्या एकमेकींकडे बघून म्हणाल्या, “अडचण कसली? येऊ की ताई.” २२ नावं लिहून घेतली. बैठक वीस मिनिटांत संपली आणि मला ती छान झाली असं वाटलं.

२ फेब्रुवारी

पहिली सहल. बस ४० जणांची, आल्या ९ जणी.

नऊजणी फाटकाजवळच्या पहिल्याच झाडाखाली बसल्या. आत चालायला कोणी उठेना. मी पक्ष्यांचं पुस्तक काढलं, दुर्बीण फिरवली, उत्साहाचं बरंच प्रदर्शन केलं. पाणी पुढे केलं तर तेही कोणी घेईना. तासाभरानं परत निघताना त्यांच्यातल्या वयानं मोठ्या मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “बाथरूम कुठंय गं इथं?”

बाथरूम आहे. फाटकापासून ६०० मीटरवर, कुलूपबंद, किल्ली रखवालदाराकडे आणि रखवालदार जेवायला गेलेला. या बायकांनी सकाळपासून पाणी प्यायलेलं नव्हतं. बाहेर पडायचं म्हणजे पाणी प्यायचं नाही, हा हिशेब कोणाला शिकवावा लागत नाही. लांबच्या प्रवासाला निघताना मीही हेच करते. तरी माझ्या यादीत बस होती, दुर्बीण होती, पाण्याच्या बाटल्यासुद्धा होत्या. ते प्यायलेलं पाणी जाणार कुठे, एवढंच नव्हतं.

६ फेब्रुवारी

प्रश्न बदलला. ‘अडचण काय?’ असं विचारलं की माणूस पाहुण्याचं मन राखणारं उत्तर देतो. आज विचारलं, “मागच्या वेळी दिवसभरासाठी घराबाहेर पडलात ना, तेव्हा सकाळी उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा.”

बैठक अडीच तास चालली. धाकट्याला कोणाकडे ठेवलं, त्याबद्दल शेजारणीचं काय काय ऐकून घेतलं. कामावर सुट्टी मागताना ‘फिरायला जायचंय’ म्हणायची लाज वाटली म्हणून कोणाला तरी आजारी पाडलं. चपलेचा अंगठा तुटलेला, म्हणून मातीच्या वाटेवर जायचं टाळलं. आणि सगळ्यांत शेवटी, हसत हसत, “तिथं आपल्याला आत सोडतात का पण?”

वनोद्यान सगळ्यांना खुलं आहे, तिकीट नाही. हे मी सांगितलंही. मग संध्याकाळी मुद्दाम फाटकावर जाऊन उभी राहिले. पाटीवर लाल अक्षरांत सात ओळी आहेत आणि सातही मनाईच्या. ‘या’ असं कुठेच लिहिलेलं नाही. ज्याला वाचता येत नाही त्यालाही त्या लाल रंगावरून मजकूर कळतो.

बसभाड्यातला वाटा कमी करून दोन गोष्टींना दिला : सहलीच्या दिवशी मुलं सांभाळायला दोन माणसं, आणि वेगवेगळ्या मापांचे बूट २५ जोड. बाथरूमच्या किल्लीसाठी अर्ज केला. अर्ज ‘विचाराधीन’ आहे.

१७ फेब्रुवारी

पहिल्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “काही झालं तर सही कोणाची?”

पूर्वी असा प्रश्न आला की मी मनातल्या मनात त्या माणसाला घाबरट ठरवून मोकळी व्हायचे. आता नाही. मूल पडलं तर त्या दिवशी ते काय शिकलं हे कोणी विचारत नाही. सही कोणाची होती हे सगळे विचारतात. सरांची भीती कागदावर उतरवायला हवी होती, म्हणून तीन रकाने आखले : काय होऊ शकतं, त्यावर आपण काय करणार, आणि गेलोच नाही तर काय गमावणार. पहिल्या रकान्यात पडणं, हरवणं, मधमाश्या, वीज. विजेचा नियम साधा आहे. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ गेला तर लगेच पक्क्या इमारतीत जायचं, झाडाखाली अजिबात नाही. आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. सर मूळचे विज्ञानाचे. “आवाज तीन सेकंदांत एक किलोमीटर, म्हणजे वादळ दहा किलोमीटरवर,” असं त्यांनीच पुढे सांगितलं आणि पहिल्यांदा खुर्चीत सैल बसले.

तिसऱ्या रकान्यात मी ‘आनंद’ लिहिलं होतं. त्यावरून त्यांची नजर नुसती घसरली. मग ग्वांगझूचं सांगितलं. चीनमधल्या त्या शहरात १२ प्राथमिक शाळा घेतल्या, त्यातल्या निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा एक तास मैदानावर वाढवला. तीन वर्षांनी पाहिलं तर वाढीव तास असलेल्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना नव्यानं लघुदृष्टी आली होती, इतर शाळांत ३९.५ टक्के. हा अभ्यास २०१५ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला. सरांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला. आनंद त्यांच्या वहीत बसत नव्हता, चष्मा बसला.

खरं तेही सांगून टाकलं : इथे काम करतो तो बाहेरचा उजेड, त्याला झाड लागत नाही. “मग झाडाखाली उभं केलं तर?” सावलीतसुद्धा वर्गापेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो, म्हटलं. परवानगी मिळाली.

२७ फेब्रुवारी

परवानगी आहे, तारीख नाही. सहावीच्या वर्गाच्या बाई तीनदा पुढे ढकलतायत. आधी चाचणी, मग स्नेहसंमेलनाचा सराव, मग घसा. आज मधल्या सुट्टीत त्यांच्याजवळ नुसती बसले. मुलं खाली उतरून गेल्यावर म्हणाल्या, “मुलं विचारणार, बाई हे झाड कोणतं? मला चार झाडांपलीकडे नावं येत नाहीत हो. सगळ्या वर्गासमोर कसं दिसेल ते?”

वीस वर्षं शिकवतायत. कोणत्याच अर्जात या अडचणीला रकाना नाही, आणि तिच्यापायी किती शाळा फाटकाच्या आतच थांबत असतील कोण जाणे.

ठरवलं : आधी वनोद्यानात जायचंच नाही. शाळेच्या मागच्या भिंतीपाशी जायचं आणि पाऊण तासात एकाही गोष्टीचं नाव घ्यायचं नाही.

३ मार्च

भिंतीचा तास झाला. इतका चांगला झाला की मी दोन पानं भरली होती, त्यातलं थोडंच इथे उतरवते.

भिंतीच्या सावलीच्या बाजूला दगडफुलाचे राखाडी ठिपके आहेत. मुलांना तो उडालेला रंग वाटायचा. तो रंग नसून तिथे बुरशी आणि शेवाळ एकमेकांच्या आधारानं संसार करतायत, हे कळल्यावर त्यांनी आधी हात मागे घेतले आणि मग भिंगांवरून भांडणं झाली. यातल्या अनेक जाती वर्षाला जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर वाढतात. एका मुलानं पट्टी लावली आणि बाईंकडे वळून म्हणाला, “बाई, हे आमच्या आधी शाळेत आलंय.” बाई म्हणाल्या, “माझ्याही आधी आलं असेल.”

मग मुंग्या. रांगेच्या वाटेवरून एक ओलं बोट आडवं फिरवायचं, बस. मागून येणारी मुंगी त्या रेघेपाशी थांबते, डावीउजवीकडे फिरते, मिशा हलवते. मुंग्या डोळ्यांपेक्षा वासानं वाट काढतात आणि वासाची वाट आपण पुसलेली असते. किती वेळात रांग पुन्हा जुळते हे मोजायचं होतं. प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं आलं आणि कोणाचं बरोबर यावर तास संपला.

मधे एकानं विचारलंच, “ही कोणती मुंगी?” बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, “मला माहीत नाही. तुला तिचं काय काय दिसतंय ते सांग.” हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असावं. निदान ज्या सावधपणे म्हटलं त्यावरून तरी वाटलं.

जाताना त्यांना दोन साधनं दाखवली : फोटोवरून सजीव ओळखायला मदत करणारं आयनॅचरलिस्ट, आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेचं, पक्ष्यांचे आवाज ओळखणारं मर्लिन. पण पहिली पंधरा मिनिटं फोन पिशवीत. आधी नाव मिळालं की मुलं बघणं थांबवतात, असा माझा अनुभव आहे.

१० मार्च

शिक्षकांची कार्यशाळा, आणि माझी चूक.

पडद्यावर मी मोठ्या अक्षरांत ‘वनस्पती-अंधत्व’ लिहिलं होतं. वाँडरसी आणि शुस्लर या अमेरिकन शिक्षकांनी १९९९ साली रूढ केलेली संज्ञा : डोळ्यांसमोर झाडं असून ती आपल्याला दिसत नाहीत, चित्रात वाघ असला की मागचं जंगल ‘रिकामी जागा’ होऊन जातं. मी ती रंगवून सांगितली. वसतिगृहाच्या बाई स्वतः अंध आहेत, पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी हात वर केला. “म्हणजे ज्यांना दिसतं पण कळत नाही, त्यांना आमचं नाव दिलंय का?”

सभागृहात कोणी हललं नाही. बाई मात्र हसत होत्या, आणि त्यानं मला जास्तच ओशाळं झालं. वाईट हे की २०२० साली कॅथरिन पार्सली या संशोधिकेनं याच कारणासाठी दुसरी संज्ञा सुचवली आहे, वनस्पतींबद्दलच्या जाणिवेतली तफावत अशा अर्थाची. मला ती माहीत होती. लांबलचक वाटली म्हणून घेतली नव्हती.

रात्री खीरात फर्मे यांच्याबद्दल पुन्हा वाचलं. जन्म १९४६, नेदरलँड्स. तिसऱ्या वर्षापासून पूर्ण अंध. चौथीत असताना त्यांच्या शिक्षिकेनं फ्लोरिडाहून आणलेले शंख वर्गाच्या खिडकीत मांडले होते. ते हाताळता हाताळता हा मुलगा शंखांच्या मागे लागला तो लागलाच. पुढे कॅलिफोर्नियात प्राध्यापक झाला आणि शंखांवरचे भरून आलेले तडे बोटांनी वाचून, खेकडे आणि गोगलगायी यांच्यात कोट्यवधी वर्षं चाललेली चढाओढ उलगडत गेला. त्या शिक्षिकेनं शंख काचेच्या कपाटात ठेवून ‘हात लावू नये’ लिहिलं असतं तर?

उद्या पाटीचा विषय पुन्हा काढायचा.

२४ मार्च

वसतिगृहाच्या १४ मुली वनोद्यानात. आम्ही मोठ्या हौसेनं झाडांवर ब्रेलपाट्या लावल्या होत्या. त्या उभ्या लावल्या, डोळ्यांच्या उंचीवर. म्हणजे बोटांनी वाचायला मनगट मोडून घ्यावं लागतं. पाटी कमरेच्या उंचीवर आणि मेजासारखी तिरकी हवी, हे त्यातल्या सर्वांत लहान मुलीनं सांगितलं. बाकीच्यांनी पाटी अर्ध्या मिनिटात वाचली आणि सालीकडे वळल्या. एकजण कापलेल्या खोडापाशी वीस मिनिटं बसून नखानं वर्तुळं मोजत होती. ३१ पर्यंत आली, मग कोणीतरी हाक मारली आणि हिशेब चुकला. तिनं पुन्हा एकपासून सुरुवात केली. आम्ही बस थांबवली.

(स्टेथोस्कोप न्यायची कल्पना माझ्या सहकाऱ्याची. झाडाच्या आत चढणारं पाणी ऐकू येतं असं त्यानं कुठेतरी वाचलेलं. ऐकू येते ती मुख्यतः वर हलणाऱ्या फांद्यांची करकर. मुलींना मी तसंच सांगितलं. त्यांना करकरही पुरली.)

त्यांची मागणी एकच : वाटेच्या कडेनं एक दोर. “म्हणजे कोणी हात धरायला नको. सारखा कोणाचा तरी हात धरला की त्यांच्याच चालीनं चालावं लागतं.”

९ एप्रिल

फाटक. आज ही नोंद रागात लिहितेय.

दुचाकी आत शिरू नयेत म्हणून फाटकात लोखंडी खांब रोवलेत. दोन खांबांमधलं अंतर ५८ सेंटिमीटर. चाकाची खुर्ची जायला ९० तरी हवं. पुढे १८ सेंटिमीटरची पायरी. पालकगटाबरोबर आधी पाहणीला न जाता मी थेट मुलांनाच बोलावलं असतं, तर सहा मुलं बाहेर उभी राहून आत गेलेल्यांकडे बघत बसली असती.

दुचाकी तरीही आत असतात, मागच्या कुंपणाला भगदाड आहे. पालकांतला एक बाप म्हणाला, “म्हणजे खांब नेमके आमच्यासाठीच.”

२३ एप्रिल

एक खांब काढायची परवानगी मिळाली. लाकडी उतार करून घेतला, आणि सुताराला माप द्यायचं काम मी फोनवर उरकलं. आला तो एक मीटर लांबीचा. उताराचं प्रमाण एकास बारा : जितकी उंची, त्याच्या बारापट लांबी. १८ सेंटिमीटरला २ मीटर १६. आमचा उतार म्हणजे घसरगुंडी. रिकामी खुर्ची ढकलतानाच माझे पाय सरकले. सुताराची काही चूक नाही, ‘पायरीला लावायचा उतार’ एवढंच मी त्याला सांगितलं होतं.

दुसरा उतार येईपर्यंत वाट तपासली. सुटी खडी सुंदर दिसते आणि पुढची लहान चाकं तिच्यात रुततात. बारीक दगडाची कच टाकून ठोकून घेतली तर चालते. २०० मीटरचा एकच फेरा पक्का करायचा. सगळं उद्यान सुगम करायच्या नादात काहीच होणार नाही.

४ मे

पालकगटातला एक नऊ वर्षांचा मुलगा, स्वमग्न. नवी जागा, नवे आवाज सोसत नाहीत. आधी त्याच्यासाठी फोटोंची छोटी वही केली होती : ही बस, हे फाटक, हा बाक, इथे कान झाकायचे, इथून परत. अशी गोष्ट आधी सांगून ठेवायची पद्धत कॅरोल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेनं सुरू केली. वही त्याला पाठ झाली होती.

तो बसमधून उतरला नाही. दीड तास खिडकीशी बसून होता. आई सारखी माझी माफी मागत होती.

१८ मे

पुन्हा. वहीत आम्ही एक पान टाकायचं विसरलो होतो : बसचं दार उघडताना येणारा फुस्स आवाज. तेच पान घातलं. आज तो उतरला, बाकापर्यंत गेला, एक पान उचललं, परत येऊन बसला. सहा मिनिटं.

२१ मे

ज्येष्ठांचा गट. इथे फार लिहिण्यासारखं नाही, त्यांनी स्वतःच सगळं सांगून टाकलं. दर ५० मीटरला बाक, बाकाला हात (हातांशिवाय बसता येतं, उठता येत नाही), आणि ‘आजी जपून’ म्हणणं बंद करा.

त्यांच्यातले एक काका आता अंथरुणातून उठत नाहीत. त्यांना कसं आणायचं यावर बराच काथ्याकूट झाला. मग मी रॉजर उलरिच यांचा अभ्यास सांगितला. पेनसिल्वेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण. २३ जणांच्या खिडकीबाहेर झाडं, त्यांच्याशी वय वगैरे जुळवून घेतलेल्या २३ जणांच्या खिडकीबाहेर विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, तीव्र वेदनाशामकं त्यांना कमी लागली. अभ्यास १९८४ सालचा, संख्या लहान, हेही सांगितलं. ऐकून झाल्यावर एक आजी म्हणाल्या, “मग पलंगच फिरवू या की.” चौघं मिळून त्याच संध्याकाळी गेले आणि फिरवून आले. आमच्या निधीतलं काही लागलं नाही.

१४ जून

सहामाही अहवाल. ‘लाभार्थी संख्या’, ‘प्रति लाभार्थी तास’. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या २०१९ सालच्या अभ्यासात आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांचं आरोग्य आणि समाधान चांगलं आढळलं. हे एकशेवीस आता प्रत्येक अर्जात शिरलेत, आमच्याही. त्या मापानं आमचा मुलगा सहा मिनिटांचा, पलंगवाले काका शून्याचे, आणि २ फेब्रुवारीच्या तहानलेल्या नऊ बायका मात्र प्रत्येकी साठ मिनिटांच्या.

आकडे भरले. खाली ‘इतर’ या रकान्यात बारीक अक्षरांत किल्ली, खांब, फुस्स आवाज, दोर असं लिहिलं. रकाना तीन ओळींचा आहे.

२ जुलै

किल्लीचा अर्ज पाच महिन्यांनी मंजूर. एक किल्ली फाटकावरच्या खिळ्याला टांगलेली राहील. नवी पाटीही लागली. मनाईच्या सातपैकी चार ओळी टिकल्या. वर एक ओळ वाढली, ‘या. सगळ्यांसाठी खुलं आहे. बाथरूम डावीकडे.’ बाथरूम पाटीवर नको असा वरून आग्रह होता, शोभत नाही म्हणे. त्यासाठी मी तीनदा गेले.

१९ जुलै

सहावीच्या बाईंनी वर्ग स्वतःच वनोद्यानात नेला. मला बोलावलं नव्हतं. थोडं लागलं, खोटं कशाला बोलू.

२ ऑगस्ट

सकाळी रखवालदाराचा फोन, आवाज चढलेला. रविवारी बायकांचा एक घोळका आला होता, पंधरा-वीसजणी, सोबत पोरं, डबे, चटया. बस नाही, चालतच आल्या. दिवसभर आत होत्या, अंधार पडता पडता गेल्या. मी विचारलं, मग काय झालं? “काय झालं म्हणजे? बाथरूमची किल्ली घेऊन गेल्या ना मॅडम!”

मावशींना फोन केला. किल्ली त्यांच्याकडेच आहे, आणि परत द्यायचा त्यांचा विचार दिसत नाही. उद्या दुसरी करून घ्यायची.